हॅलोतात्या आणि मेव्हणीची गॅलरी

गावात तात्या पाच-सहा होते, हॅलोतात्या मात्र एकच. लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. बसथांब्याच्या मागे पत्र्याची लांबट खोली, भिंतीवर खुंट्यांना अडकवलेले कर्णे, छताला वायरींची वेटोळी, टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला एखादा अ‍ॅम्प्लिफायर आणि गिऱ्हाइकाला बसायला स्पीकरचं उपडं खोकं. छपरावर चार दिशांना तोंडं केलेले चार कर्णे कायमचे बसवलेले. गावाला काहीही कळवायचं असलं की माणूस सरळ तात्यांकडे यायचा, आणि गावकचेरीलाही दुसरा रस्ता नव्हता. मग तात्या माईक हातात घेत, त्याला दोन टिचक्या मारत, तीनदा 'हॅलो' म्हणत आणि गाव कामाला लागे.

कामाला म्हणजे ऐकण्याच्या कामाला. थोडक्यात बोलणं तात्यांना कधी जमलंच नाही. 'उद्या नळाला पाणी येणार नाही' एवढं सांगायचं, तर ते टाकी कधी बांधली इथून सुरुवात करत. टाकी बांधणाऱ्या मुकादमाच्या स्वभावाबद्दल दोन शब्द, पंपाच्या तब्येतीची चौकशी, पाण्याचं महत्त्व, थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पाण्यात न खेळण्याची तंबी, आणि मग शेवटी मुद्दा. एकदा कुणाची तरी शेळी हरवली, तेव्हा तात्यांनी तिच्या रंगापासून स्वभावापर्यंत असं काही वर्णन केलं की घोषणा संपेपर्यंत शेळी येऊन दारात उभी. तात्या म्हणाले, ऐकून आली. मालक म्हणाला, कंटाळून आली.

त्यांच्या बायकोला गाव काकू म्हणे. काकू अगदी मोजकं बोलत. घरातल्या बोलण्याचा सगळा कोटा तात्यांनी एकट्यानं उचलल्यावर बाईनं बोलायचं कधी, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

तात्यांची आणखी एक खोड होती. जगातल्या झाडून सगळ्या बिघाडांवर त्यांचं एकच निदान असे: कॉन्टॅक्ट लूज. पंखा बंद पडला, कॉन्टॅक्ट लूज. शाळेतल्या मास्तरांची बदली रखडली, वरच्या ऑफिसात कुठेतरी कॉन्टॅक्ट लूज. काकूंची थोरली बहीण शहरात असायची. तिचं आणि साडूंचं एकदा कडाक्याचं वाजलं, तेव्हा तात्या मध्यस्थीला गेले आणि दोघांना समोरासमोर बसवून हेच निदान सांगून आले. त्यानंतर वर्षभर मेव्हणीनं त्यांचं नाव टाकलं होतं.

असा हा माणूस, आणि नेमका त्याचाच आवाज बसला.

आधी आवाजाला नुसती खरखर आली. दुसरा कोणी असता तर त्यानं घशाला हात लावून बघितला असता. तात्यांनी अ‍ॅम्प्लिफायर उघडला. सगळे जोड तपासले, पुन्हा कथलाचे डाग दिले, वायर बदलली. खरखर होतीच. मग कर्णे उतरवून त्यांचे पडदे बदलून घेतले, माईकची जाळी स्वच्छ केली. गावालाही दुसरं काही सुचलं नाही. तात्यांचा आवाज गाव ऐकायचं ते कर्ण्यातूनच, त्यामुळे जो तो थांबवून सांगे की तात्या, तुमचा स्पीकर फाटलाय, जरा बघा की. तात्या म्हणत, बघतोय. असं बघता बघता थंडी गेली, उन्हाळा आला, आणि दुकानातली एकही वस्तू जुनी राहिली नाही.

काकूंनी मधे एकदा विषय काढला होता.

"अहो, घरात तर कर्णा नाही," त्या म्हणाल्या. "घरातही तुम्ही असेच बोलता."

यावर तात्यांनी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं, की सतत फाटका आवाज ऐकून माणसाचा कान बिघडतो आणि मग त्याला सगळंच फाटकं ऐकू येतं. हे सगळं त्यांनी त्याच फाटक्या आवाजात सांगितलं. काकू ऐकून घेऊन भांडी घासायला गेल्या.

शेवटी नवा कोरा माईक आणायला तात्या शहरात गेले. ओळखीचं दुकान होतं. दुकानदारानं एक माईक जोडून दिला, तात्यांनी त्यात दोन वाक्यं बोलून बघितली आणि तो परत केला. दुसरा घेतला, तोही परत केला. तिसरा बाजूला ठेवताना ते चिडून म्हणाले की हल्ली कंपन्या काय वाटेल तो माल विकतात. दुकानदार बिचारा काउंटरवरून पुढे वाकला, तोच माईक उचलला आणि त्यात म्हणाला, "एक, दोन, तीन." आवाज इतका स्वच्छ निघाला की रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. तात्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "एक, दोन." तीन त्यांनी म्हटलंच नाही.

"तात्या," दुकानदार हळूच म्हणाला, "माईक चांगला आहे."

परतीच्या बसमध्ये तात्या कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. कंडक्टरनं घरी काही वाईट झालं का म्हणून विचारलं.

त्यानंतरही सरळ रस्ता सुचला असता तर बरं होतं. गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, आले तर. त्यांनी घशाच्या आत बघायला जवळ काही नसल्यामुळे बाहेरूनच बघितलं आणि गुळण्या सांगितल्या. गुळण्यांनी फरक पडेना, तेव्हा लाल औषध दिलं. लाल संपल्यावर पिवळं. पिवळं संपेपर्यंत तात्यांना घास गिळताना डोळे मिटावे लागायला लागले. तेव्हा काकूंनी दुकानाला कुलूप लावलं, पिशवीत दोन लुगडी आणि दोन सदरे भरले आणि तात्यांना बसमध्ये बसवलं. दोन बस बदलून, चार तासांनी ती दोघं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचली.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला सरळ होत्या. आवाज कधीपासून बसलाय, असं त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, पहिला अ‍ॅम्प्लिफायर उघडला तेव्हापासून. बाईंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी महिने सांगितले. मग नाकातून बारीक नळी घालून झाली, गाठीचा तुकडा काढून झाला, फोटो झाले, आणि पुढच्या खेपेला बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा स्वरयंत्राचा कॅन्सर आहे आणि चांगलाच वाढलेला आहे. तात्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पण सवय ती सवय. त्यांनी विचारलं, म्हणजे दुरुस्ती आहे का?

दुरुस्ती होती, आणि दोन प्रकारची होती. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकायचं. जीव वाचायची आशा चांगली, पण गळ्याला भोक पडणार आणि स्वतःचा आवाज कायमचा जाणार. दुसरी, स्वरयंत्र ठेवून त्यावर किरणं द्यायची आणि आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. आवाज बराचसा राहू शकतो, जीवही वाचू शकतो. मात्र सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज यायचं. एक दिवस चुकवून चालत नाही. मधे सोडलं तर आजार आधीपेक्षा हट्टी होऊन बसतो आणि मग हातात फार काही राहत नाही.

"इथं शहरात राहणाऱ्यांना मी हे बिनदिक्कत सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते सकाळी येतात आणि तसेच कामाला जातात. लांबून येणाऱ्यांना मात्र आम्ही ऑपरेशनच सुचवतो. ते एकदाच होतं. तुम्ही सांगा, रोज येणं जमेल?"

तात्यांनी मनात हिशेब केला. सात आठवडे रोज आठ तास बसमध्ये बसायचं म्हणजे आजाराआधी बसनंच कारभार आटोपला असता. आणि आवाज गेला तर मागे राहतं काय? चार कर्णे आणि वायरींचा ढीग.

"येतील," काकू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तात्यांनी विचारलं की हो म्हणालीस खरी, राहायचं कुठे? काकू म्हणाल्या, ताईकडे. तात्यांनी कपाळाला हात लावला. ताई म्हणजे तीच कॉन्टॅक्ट लूजवाली मेव्हणी.

मेव्हणीचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पाहुण्याला जागा म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. तिच्यात आधीपासून कपडे धुण्याचं यंत्र, कुंड्या आणि साडूंची जुनी सायकल राहत होती, त्यात तात्यांची भर पडली. फळीवर गादी टाकली की पाय यंत्राला टेकत. मेव्हणीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितले: सकाळी न्हाणीघर आधी साडूंचं, बातम्या चालू असताना बोलायचं नाही, कुंड्यांना आपल्या मनानं पाणी घालायचं नाही, आणि घरातली कुठलीही वस्तू उघडून दुरुस्त करायची नाही. शेवटचा नियम सांगताना तिनं मिक्सरकडे बघितलं. काकू दुकान सांभाळायला गावी परतल्या, आणि बस सुटल्यावर तात्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपण अगदी एकटे आहोत.

हॉस्पिटलच्या तळघरात किरणांची खोली होती. चेहऱ्यावर गरम ओलं प्लास्टिक बसवून तिथल्या माणसांनी तात्यांच्या तोंडाचा हुबेहूब जाळीदार मुखवटा तयार केला. रोज तो घालून टेबलाला खिळवायचं आणि बाहेर जाऊन यंत्र सुरू करायचं. तात्यांना तो मुखवटा फार आवडला. सगळं संपल्यावर दुकानात टांगायला मिळेल का, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं. मेव्हणीच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा तिनं बजावलं, की तो प्रकार माझ्या घरातून जाता कामा नये. एक दिवस यंत्रच बंद पडलं. तात्या उठून आत गेले आणि तिथल्या मुलीला सांगायला लागले की मागच्या बाजूला कॉन्टॅक्ट लूज असणार. मुलीनं त्यांना हाताला धरून बाकावर आणून बसवलं. संध्याकाळी कंपनीच्या माणसानं येऊन यंत्र सुरू केलं. बिघाड थंड पाण्याच्या नळीत होता. तात्या म्हणाले, नळीचाही कॉन्टॅक्टच की.

त्याच बाकावर त्यांना विमासाहेब भेटले. हे गृहस्थ फोनवरून विमा विकायचे. आजार तोच, यंत्र तेच, वेळही पाठोपाठची. पण त्यांचा आवाज बसला आणि दहाएक दिवसांतच गिऱ्हाइकं फोनवर विचारायला लागली की साहेब, सर्दी झालीय का? घशाचा डॉक्टर ऑफिसच्या खालच्याच मजल्यावर. जेवणाच्या सुट्टीत साहेब नळी घालून आले, आणि मुगाच्या दाण्याएवढी गाठ सापडली. त्यांना ऑपरेशन हा शब्दसुद्धा कुणी ऐकवला नव्हता. सकाळी फिरून आले की चपला न बदलता इथे यायचे, किरणं घ्यायचे आणि घरी जाऊन आंघोळ करून ऑफिसात जायचे.

"फार त्रास आहे हो या उपचारांचा," साहेब एकदा कळवळून म्हणाले. "गाडी लावायला जागाच मिळत नाही."

तात्यांनी मान हलवून खरोखरच हळहळ व्यक्त केली. माणूस चांगला होता. तात्यांना गिळताना त्रास व्हायला लागला तेव्हा घरून गाळलेलं सूप घेऊन यायचा. पण ज्या दिवशी साहेबांचं आटोपलं आणि ते हात हलवत, चला, मोकळा झालो, म्हणत पायऱ्या चढून गेले, त्या दिवशी तात्यांना संताप आला. साहेबांचा नाही. स्वतःचा, त्या लाल औषधाचा, आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरचा, आणि बदललेल्या एकूण एक वायरीचा. एवढ्या वायरी बदलल्या, त्या वेळात माणूस पायी चालत शहरात पोचला असता.

चौथा आठवडा संपेपर्यंत आवाज पुरता गेला. हे असंच होतं, घसा आतून भाजल्यासारखा होतो, नंतर भरून येतो, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि भोगणं वेगळं. पाण्याचा घोट गिळताना तात्यांना दिवसा तारे दिसत. मेव्हणीला मात्र जन्मात पहिल्यांदा असा ऐकणारा मिळाला होता, ज्याला उलट उत्तर देताच येत नव्हतं. तिनं त्या भांडणाच्या वेळचा सगळा हिशेब काढला. रोज संध्याकाळी गॅलरीच्या दारात स्टूल टाकून ती तो थोडा थोडा ऐकवी, आणि ऐकवता ऐकवता फुंकून गार केलेलं दूध चमच्याचमच्यानं तात्यांना पाजी. दूध संपेपर्यंत ती जागची उठत नसे. मधे तात्यांनी मान फिरवली तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, त्यामुळे तात्या मुकाट्यानं पीत.

त्या शुक्रवारी तात्या गावी आले ते मनाशी ठरवूनच, की आता पुरे. बस गावात शिरत होती आणि छपरावरच्या कर्ण्यांतून काकूंचा आवाज आला, "उद्या पाणी नाही. भरून ठेवा." झालं. खट्. तात्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, वा, हे बरं झालं, दोन शब्दांत काम. तात्यांच्या काळजाला घरं पडली. घसा जळत होता तो एकीकडेच राहिला.

रविवारी सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. काकूंनी पिशवी भरून दारात ठेवली होती. तात्यांनी खुणेनं त्यांना जवळ बोलावलं आणि पुटपुटत सांगितलं, की मी जात नाही. कुणासाठी जायचं? माझ्यावाचून गावाचं काही अडत नाही, उलट गाव सुटलं. निम्मे उपचार झाले तेवढे पुष्कळ झाले. आणि गेलाच आवाज तर आता तो लागतोय कुणाला?

काकूंनी वाद घातला नाही. चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. तात्यांना वाटलं, सुटलो. थोड्या वेळानं कर्णे खरखरले.

"हॅलो. तात्यांचे उपचार निम्मे झालेत. ते परत जाणार नाही म्हणतात. अर्धवट सोडले तर ते वाचायचे नाहीत. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी घरी यावं. बस दहाला आहे."

काकूंनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

पहिला आला पंपवाला. तात्यांनी डोळे मिटून घेतले, कारण आता हा धीर धरा वगैरे म्हणणार याची त्यांना खात्री होती. पंपवाला खाटेच्या कडेला टेकला आणि म्हणाला, की तात्या, तुमच्यामागे माझे हाल चाललेत. "काकू बोलतात तेव्हा माझी मोटर चालू असते. ती बंद करून कान लावेपर्यंत घोषणा संपलेली. मग काय म्हणाल्या हे विचारत मीच गावभर हिंडतो. तुमचं बरं होतं. मुद्दा येईपर्यंत माणूस मोटर बंद करून, हातपाय धुऊन, ओट्यावर येऊन बसायचा."

त्याच्या मागोमाग शिंपी आला, शाळेचे मास्तर आले, शेळीचा मालक आला. तात्यांच्या आजाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी काकूंबद्दलच्या तक्रारींचा पाढा वाचला, तोही खुद्द काकूंच्या देखत. शिंप्याची म्हातारी आई काठी टेकत आली. तिला कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, हल्ली कर्णा वाजला एवढंच कळतं, कोण गेलं, कोण आलं, काही समजत नाही. तू एकच गोष्ट चारदा सांगायचास, त्यातली एकदा तरी माझ्या कानात पडायची. बोलता बोलता तिनं तात्यांच्या गालावरून हात फिरवला आणि त्याच दमात ओरडली की नाटकं पुरे, ऊठ आता. बसचा कंडक्टर दारात येऊन उभा होता. त्यानं सांगितलं की गाडी उभी करून आलोय, आतले लोक बोंब मारतायत, काय ते लवकर ठरवा.

तात्या उठले. डोळे पुसायला टॉवेल शोधत होते, तो काकूंनी आधीच पिशवीत भरला होता.

उरलेले आठवडे काही सोपे गेले नाहीत. एकदा पोटात दूध जावं म्हणून नाकातून नळी घालावी लागली, वजन इतकं उतरलं की मुखवटा सैल व्हायला लागला आणि नवा करावा लागला. पण एक दिवस चुकला नाही. आजारापुढे हात टेकायची वेळ आली की तात्या गॅलरीत पडल्या पडल्या, परत गेल्यावर काय काय सांगायचं याची मनातल्या मनात घोषणा तयार करत. ती घोषणा इतकी लांबली की पुढे कधीही द्यायला जमली नाही.

नंतरचे तीन महिने सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. आवाज परत आला, पण दबकत आला. जुना भरदारपणा गेलेला, खालच्या पट्टीत, थोडा घोगरा. तरी होता तो तात्यांचाच. तपासणीला काकूही बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बराच वेळ बघितलं. तात्यांनी श्वास रोखून धरला होता, तो नीट घ्या म्हणून बाईंना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी नळी काढली आणि म्हणाल्या की आज तरी आत काही दिसत नाही. पाच वर्षं येत राहायचं, पण आज काही नाही. काकू खुर्चीत बसल्या होत्या त्या आणखी खाली बसल्या.

"आणि एक सांगू का तात्या," बाई हसून म्हणाल्या, "इतक्या लांबून येऊन हे उपचार पुरे करणारे तुम्ही माझे पहिले पेशंट."

तात्यांची छाती फुगली. शाळेत असताना एकदा कवायतीत तिसरा नंबर आला होता, त्यानंतर हा पहिलाच. खोलीबाहेर जाऊन विमासाहेबांना फोनवर कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं. ते दारापर्यंत गेलेही. तिथे थांबले आणि वळले.

"बाकीचे?"

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्या थांबल्या.

"बाकीच्यांचं ऑपरेशन केलं," त्या म्हणाल्या. "आजार तुमच्याएवढाच होता. तुम्हाला विचारलं तेच त्यांनाही विचारलं, रोज येणं जमेल का. त्यांना राहायला कुठे जागा नव्हती. दोघातिघांनी हो म्हणून सुरू केलं, मधे सोडलं. ते नंतर आले नाहीत."

तात्या परत येऊन खुर्चीवर बसले. आपण फार चिवट म्हणून वाचलो, असं आतापर्यंत त्यांना वाटत होतं. त्यात काही अर्थ नव्हता. गावोगावचे ते लोकही चिवटच असणार. फरक एवढाच, की त्यांची मेव्हणी शहरात नव्हती. तात्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्या न पाहिलेल्या माणसांचं फार वाईट वाटलं.

काकूंनी पिशवीतून बसचं जुनं तिकीट काढलं, टेबलावरचं पेन न विचारता उचललं आणि तिकिटाच्या मागे काहीतरी लिहून ते डॉक्टरीणबाईंपुढे सरकवलं.

"हा माझ्या बहिणीचा पत्ता," त्या म्हणाल्या. "पुढे लांबून जो येईल त्याला द्या. गॅलरी आहे."

"अगं, तिला आधी विचारशील का नाही?" तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"सांगेन तिला."

ते सांगणं काकूंनी तिथेच, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं राहून, फोनवरून केलं. दोन वाक्यांत त्यांचं बोलून झालं. त्यानंतर मेव्हणी जी सुरू झाली ती आवरेना. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी तात्यांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. माझं घर म्हणजे धर्मशाळा आहे का, इथून सुरुवात झाली. ओळख ना देख, कुठला कोण माणूस, उद्या घर धुऊन नेलं तर कोण जबाबदार, साडूंना ब्लडप्रेशर आहे, यंत्र आणखी कुठे ठेवू, सायकल डोक्यावर घेऊ का, तुझ्या नवऱ्याला सात आठवडे सांभाळलं ते कमी झालं का. काकू मधून मधून 'हं' म्हणत होत्या. समोरून सगळं सांगून संपलं. काकूंनी फोन कट झाला का म्हणून बघितलं.

"येणारा घोरतो का, तेवढं विचारून ठेव," मेव्हणी म्हणाली.